जागच्या जागी चोरीला गेलेली खुर्ची

विद्यापीठाच्या गुन्हेशास्त्र विभागातली प्रमुखांची खुर्ची चोरीला गेली, तेव्हा प्रमुख तीत बसलेले होते. चोरी अभ्यासक्रमानुसारच झाली. पदवीच्या शेवटच्या वर्षाला 'अभिरूप न्यायालय' नावाचं प्रात्यक्षिक असतं. त्यात एक काल्पनिक गुन्हा ठरवायचा, त्याचा तपास करायचा, खटला चालवायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर निकाल द्यायचा. गुन्हा काल्पनिक असला तरी मुद्देमाल खरा असावा, असा विभागाचा आग्रह होता. आणि चोरण्याच्या लायकीची वस्तू म्हणजे प्रमुखांची ती उंच पाठीची, फिरती खुर्ची एवढीच होती. बाकीचं फर्निचर पाहून चोरालाच दया आली असती.

माझा भाचा चिमण त्या वर्गात होता. अंगानं किरकोळ, म्हणून चिमण. माझं चष्म्याचं दुकान आहे. ताईचा नवरा लवकर गेला, त्यामुळे चिमणच्या बाबतीत बापाची गरज पडली की मला बोलावलं जातं. मुलांच्या सुधारगृहात त्याची नोकरी ठरली होती. पदवी हातात पडली की रुजू व्हायचं, एवढंच बाकी होतं. ताईनं ही बातमी गल्लीभर सांगून टाकली होती, म्हणजे आता नापास व्हायची सोय उरली नव्हती.

भूमिकांचं वाटपही त्याच वेळी, प्रमुखांच्या खोलीतच, अतिशय न्याय्य पद्धतीनं झालं. जिच्याकडे काळा कोट होता ती न्यायाधीश. ज्याचा आवाज मोठा तो सरकारी वकील. ज्याच्याकडे मोटरसायकल तो पोलीस. जो वर्गात कधी फिरकत नसे त्याला बचावाचा वकील केलं, कारण त्यात फारसं काही करावं लागत नाही यावर सर्वांचं एकमत होतं. चिमण त्या वेळी प्रमुखांच्याच सांगण्यावरून खडू आणायला गेला होता. तो परतला तेव्हा एकच भूमिका शिल्लक होती.

"तू आरोपी," प्रमुख म्हणाले.

"पण सर, मी केलंय काय?"

"ते तपासात निष्पन्न होईल. खडू ठेव तिथे."

तपास जोरात सुरू झाला. पोलिसानं चिमणची झडती घेतली, त्याच्या खिशात खुर्ची मिळाली नाही. सरकारी वकील काळजीत पडला. मुद्देमाल जप्त झाल्याशिवाय खटला उभा राहत नाही, हे त्यांना पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं. तेव्हा एका दुपारी ही मंडळी प्रमुखांच्या खोलीत गेली, प्रमुखांना अदबीनं उठवलं, खुर्ची कापडात गुंडाळली, सुतळीनं आवळली, गाठीवर लाखेची मोहर लावली आणि अडगळीच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. प्रमुखांनी त्यांची पाठ थोपटली आणि ते बसायला गेले. मग त्यांना प्रयोगशाळेतलं एक स्टूल आणून देण्यात आलं.

स्टुलाला पाठ नसते. चार दिवसांत प्रमुखांची कंबर धरली. आठवड्याभरात त्यांना पट्टा बांधावा लागला. आणि कंबरेत कळ आली की माणूस कारण शोधतो. प्रमुखांच्या समोर तर ते रोज पहिल्या बाकावर बसलेलं असायचं. ते शिकवता शिकवता थांबत, कंबरेवर हात ठेवत आणि चिमणकडे असं बघत की आधी वर्ग हसायचा, नंतर तो हसेनासा झाला.

इकडे प्रमुखांनी विद्यापीठाच्या कार्यालयाकडे दुसरी खुर्ची मागितली. कार्यालय समोरच्या इमारतीत आहे आणि समोरच्या इमारतीत काय चालतं हे त्याला कधीच माहीत नसतं. तिथून विचारणा झाली, की पहिल्या खुर्चीचं काय झालं. प्रमुख सत्यवचनी. त्यांनी कळवलं, खुर्ची मुद्देमाल म्हणून जप्त आहे, आरोपी आमचाच विद्यार्थी आहे, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. यात एकही अक्षर खोटं नव्हतं. कार्यालयानं खुर्ची दिली नाही, पण तत्परतेनं एक आदेश दिला: आरोप सिद्ध झाल्यास सदर विद्यार्थ्याला पदवी देता येणार नाही.

मग मला बोलावणं आलं. म्हणजे ताई दुकानात येऊन रडली.

मी विभागात गेलो. प्रमुख स्टुलावर अवघडून बसले होते. मी म्हटलं, "सर, कार्यालयाला एवढं कळवा की हे सगळं नाटक आहे."

"नाटक कसं?" ते दुखावले. "हे प्रात्यक्षिक आहे. नाटक म्हटलं तर सगळ्या वर्गाचे गुण जातील."

"मग त्याला निर्दोष तरी सोडा."

"सोडता येईल. पण तो आरोपीची भूमिका करतोय. निर्दोष सुटला तर भूमिका पटली नाही असा अर्थ होतो. परीक्षक नापास करतील."

"आणि दोषी ठरला तर?"

"तर भूमिकेत उत्तम गुण मिळतील. पदवी मात्र मिळणार नाही, तो कार्यालयाचा प्रश्न आहे." त्यांनी कंबर सरळ करायचा प्रयत्न केला. "तुम्ही मामा ना? मग संस्काराबद्दल तुमचीच साक्ष काढू. या तुम्ही."

घरी आलो तर चिमण गुडघ्यात डोकं घालून बसला होता. "मामा," तो म्हणाला, "पोलीस झालेला पोरगा माझ्या शेजारच्या बाकावरचा. आता डबा खाताना मी जवळ आलो की स्वतःचा डबा उचलून घेतो. मी विचारलं, काय रे, तर म्हणतो, काही नाही, सवय लावून घेतोय."

"अरे, मस्करी करत असेल."

"मीपण तसंच म्हटलं. पण परवा अडगळीच्या खोलीवरून जाताना मीच खाली मान घालून गेलो. मी का मान खाली घातली?"

त्याच्या मामीनं त्याला चहा दिला आणि तो पिऊन झाल्यावर कपबशी लगेच आत नेली. ती नेहमीच लगेच नेते, पण त्या दिवशी ते माझ्या नजरेत आलं.

खटल्याच्या दिवशी मोठं सभागृह भरलं होतं. परीक्षकबाई पहिल्या रांगेत, चेहऱ्यावरची एक रेघ हलू न देता बसलेल्या. पहिले साक्षीदार प्रमुख. बचावाचा वकील त्या दिवशी चक्क हजर होता आणि त्यानं बरा प्रश्नही विचारला.

"चोरी झाली तेव्हा आपण कुठे होता?"

"खुर्चीत."

"कुठल्या खुर्चीत?"

"चोरीला गेलेल्या."

"मग चोराला आपण पाहिलं असेल."

"नाही," प्रमुख गंभीरपणे म्हणाले. "खुर्ची फिरती आहे. माझं तोंड खिडकीकडे होतं."

सभागृहात हे सगळ्यांना पटलं. वकिलानं पुढे विचारलं, की त्या वेळी आरोपीला आपणच खडू आणायला पाठवलं होतं, हे खरं का? प्रमुखांनी कबूल केलं. तेवढ्यात सरकारी वकील उठला. "न्यायाधीश महाराज, याचा अर्थ आरोपीला इमारतीतली प्रत्येक वाट, प्रत्येक खोली माहीत होती." न्यायाधीश झालेल्या मुलीनं हे टिपून घेतलं. बचावाचा वकील खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. भूमिका त्यानं अचूक वठवली, असं नंतर सगळे म्हणाले.

मग माझी साक्ष. मी घरून ठरवूनच आलो होतो, की पोराबद्दल चांगलं तेवढंच बोलायचं.

"आरोपी लहानपणी कसा होता?" सरकारी वकिलानं विचारलं.

"अतिशय गुणी. जिज्ञासू. एकदा तर मुंग्या बघायला म्हणून माझ्या दुकानातलं भिंग घेऊन गेला होता."

"विचारून?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो. तेवढं पुरलं.

"म्हणजे न विचारता," वकील सभागृहाकडे वळला. "आधी भिंग. भिंगातून लहान वस्तू मोठी दिसते. तिथूनच मोठ्या वस्तूंची ओढ लागली. आज खुर्ची आहे, उद्या टेबल असेल." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत ताईसुद्धा होती. वकील झालेला मुलगा बोलला फार छान, असं ती नंतर म्हणाली. मी पिंजऱ्यातून उतरलो. पोराला वर काढायला गेलो आणि दोन हात आणखी खाली लोटून आलो.

शेवटी न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, काही सांगायचंय का. चिमण उभा राहिला.

"खुर्ची अडगळीच्या खोलीत आहे. तुम्हीच ठेवलीय. उघडून बघा."

सभागृहात कुजबूज झाली. हा विचार कोणाच्या डोक्यात आलेला नव्हता. पोलिसानं हरकत घेतली, की निकालाआधी मोहर तोडता येत नाही. पण न्यायाधीश झालेल्या मुलीनं काळा कोट सावरला आणि म्हणाली, "बघू तर खरं." सगळं सभागृह अडगळीच्या खोलीपाशी गेलं. मोहर तोडली, सुतळी सोडली, कापड काढलं. आत खुर्ची होती. प्रमुखांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला वाटलं, सुटलो. पण सरकारी वकिलाचा आवाज मागून आलाच.

"खुर्ची सापडली, याची नोंद व्हावी. हरवल्याशिवाय वस्तू सापडत नाही. म्हणजे ती चोरीला गेली होती, हे आरोपीच्याच तोंडून सिद्ध झालं. आणि ती नेमकी कुठे आहे, हेही त्यालाच ठाऊक होतं."

लोकांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली असावी, कारण ताईनं मला कोपर मारलं.

न्यायाधीश मुलगी बराच वेळ पेन चावत बसली. मग तिनं निकाल दिला: चोरी झालीच नाही असं म्हणता येत नाही, पण आरोपीनं केली असंही खात्रीनं म्हणता येत नाही, सबब संशयाचा फायदा देऊन मुक्त करण्यात येत आहे. आता परीक्षकबाईंकडे सगळ्यांचं लक्ष लागलं. ताईनं माझा दंड घट्ट धरला होता. निर्दोष सुटला, म्हणजे भूमिका पटली नाही, म्हणजे नापास.

परीक्षकबाई उठल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा आरोपी मी पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "खुर्ची डोळ्यांसमोर आहे. न्यायालयानं त्याला सोडलेलं आहे. तरीही या सभागृहातल्या प्रत्येकाला वाटतंय, की त्यानंच नेली. भूमिका पटवणं म्हणतात ते याला. मी पूर्ण गुण देते."

चिमण पहिल्या वर्गात पास झाला. प्रमुखांनी त्याला जवळ घेतलं आणि खुर्चीत बसण्याआधी ती एकदा हलवून पाहिली. कार्यालयानं पदवी दिली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या सवयीप्रमाणे 'चोरीच्या आरोपातून मुक्त' असं लिहून दिलं, म्हणजे पुढे कोणाच्या मनात शंका राहू नये. ताईनं गल्लीत पेढे वाटले. लोकांनी पेढे घेतले, तोंडभर कौतुक केलं, आणि ती वळल्यावर दारं लावून घेतली.

आता तो सुधारगृहात नोकरीला लागलाय. तिथली मुलं त्याला फार मानतात. त्याच्यावर खटला झाला होता हे त्यांना कळल्यापासून तर जास्तच. अडचण आहे ती फक्त राहायच्या जागेची. घरमालक चौकशी करतात, तो सगळं खरं सांगतो, आणि खोली नेमकी आदल्या दिवशीच दिलेली असते.

म्हणून हे सगळं लिहायला बसलो. तुमच्याकडे वरची एखादी खोली रिकामी असेल तर कळवा. मुलगा साधा आहे, हाक मारली की ओ देणारा, पहिल्या वर्गात पास झालेला, चोरीच्या आरोपातून निर्दोष सुटलेला. घरात विचारून सांगतो म्हणालात तरी माझी हरकत नाही, विचारायलाच हवं. फक्त 'निर्दोष सुटलेला' हे वाचताना त्या खोलीत आपण काय काय सामान ठेवलंय ते तुम्ही मनातल्या मनात आठवून पाहिलंत, तेवढं त्याला कळू देऊ नका.