नेहमीचाच रोल

"अहो, झालं का? संध्याकाळी उद्घाटन आहे म्हटलं!" बायकोने दारातून पुन्हा विचारलं.

पेंटरने मान वर केली नाही. ब्रश हातातून सुटून जमाना झाला तरी लोक त्याला पेंटरच म्हणत. आता तो मशीनवर विनाइलची अक्षरं कापून पाट्या करी. आजचं काम मेहुणीच्या शिलाईच्या दुकानाचं होतं. काचेच्या दारावर लाल अक्षरांत 'सुईदोरा', बस. पण "पाटी अशी करीन की रस्ता थांबेल," असं तो सगळ्या सासरच्या मंडळींसमोर बोलून बसला होता. आता ते शब्द त्याच्याच गळ्याशी आले होते.

अक्षरांभोवतीचा फालतू कागद सोलायला घेतला की अक्षरंही त्याच्यामागे निघत, आई निघाली की पोरं निघावीत तशी. पात्याचा दाब वाढवला, तर मागचा मेणकागदसुद्धा आरपार. कमी केला, तर ओरखडाही उठेना. पातं बदललं, रूळ पुसले, मशीनला दोन शिव्या हासडल्या. मशीन ढिम्म.

"रोलच खराब आहे की काय?" तो पुटपुटला.

"छे, रोल कसा खराब असेल?" बायको घाईघाईने म्हणाली. "नेहमीचाच तर आहे. नेहमीच्याच खोक्यातला. मशीनच जुनं झालंय."

तेही खरंच. त्या खोक्याला घरात कुणी हात लावायचा नाही, असा पेंटरचा दंडकच होता.

"अगं, पण परवापर्यंत मशीन लोण्यासारखं कापत होतं!"

"मशीनचं काय सांगावं! आज आहे, उद्या नाही."

शेवटी वेग कमी करून, एकाच रेषेवरून पातं दोनदा फिरवून त्याने अक्षरं कशीबशी कापली आणि गुंडाळी काखेत मारून बायकोबरोबर दुकान गाठलं. काम पसरायला मेहुणीने कापड बेतायचं मोठं टेबल मोकळं करून दिलं. लालभडक, गुळगुळीत.

"वा! सनमायका झकास बसवलाय," पेंटर हात फिरवत म्हणाला. "एक बुडबुडा नाही."

"ते होय भाऊजी, ते ताईने..."

"आधी पाटी लावा!" बायको मध्येच म्हणाली. "उशीर होतोय."

भोवतीचा कागद या वेळी अखंड निघाला. पेंटरला हायसं वाटलं. त्याने अक्षरं काचेवर चिकटवली. 'रा' लावून मागे सरकतो तोच 'सु' वळकटी होऊन पायाशी पडला. मग 'ई'. 'दो' थोडा वेळ लोंबकळला आणि त्यानेही मान टाकली. काच दोनदा पुसली, अक्षरं तळहाताने दाबून धरली. हात काढला की पुन्हा तेच. पेंटरला आता स्वतःच्याच हातांची शंका यायला लागली.

वैतागून त्याने उरलेला कागद टाकायला उचलला, तेवढ्यात मेहुणीने आतून दार ढकललं आणि तो अख्खा तुकडा काचेला जाऊन फाटकन बसला. पेंटरने ओढला, नखाने खरवडला. हलेना! डिंक म्हणून जो काही होता, तो सगळा त्या रोलच्या कडांनाच होता. शिवाय बसला तोही तिरकाच.

तो घाम पुसत उभा राहिला. मेहुणीने आतले दिवे लावले आणि लाल कागदाच्या भोकांतून 'सुईदोरा' लखलखला.

"अय्या भाऊजी! उजेडाची अक्षरं!" ती बाहेर येऊन म्हणाली. "आणि टेलरचं दुकान म्हणून मुद्दाम तिरकं, उरेब लावलंत ना?"

"मुद्दामच," पेंटर म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पाहुणे जमले. कौतुक झालं. खरोखरच दोन-चार जण रस्त्यात थांबले. शेजारचा चपलांचा दुकानदार मात्र आत शिरून टेबलापाशीच रेंगाळला.

"पाटी ठीक आहे. पण टेबलाला हा कागद कुणी चिकटवलाय हो? याला म्हणतात हात!"

"कागद?" पेंटर म्हणाला.

बायको छताकडे बघू लागली. "टेबलावर ओरखडे होते हो," ती हळूच म्हणाली. "म्हणून तुमचा रोल घेतला. मग खोकं रिकामं दिसायला नको, म्हणून फळीवर अंथरायचा, कडांनाच चिकटणारा लाल कागद त्यात..."

पेंटरने टेबलाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. रागवावं म्हटलं, तर बाहेर त्याच कागदाची वाहवा चाललेली.

"वहिनी," दुकानदार म्हणाला, "माझ्याही दुकानाची पाटी तुम्हीच करून द्याल का?"

"देईन की," बायको म्हणाली. "फक्त यांचं मशीन जरा जुनं झालंय, तेवढं सांभाळून घ्या."