फौजदाराची बदली

"साहेब, रविवारपर्यंत फौजदाराला चांगलं घर मिळालं नाही, तर ही मिशी उतरवून तुमच्या टेबलावर ठेवीन," असं हवालदारांनी छाती फुगवून सांगितलं, तेव्हा साहेबांनी हळूच आपला चहाचा कप बाजूला घेतला. मिशी तशी भरघोस होती.

फौजदार म्हणजे घोडा. पोलिसांच्या तबेल्यातला सगळ्यात जुना, गुडघ्यांत कुरकुरणारा, दातांनी थकलेला. हवालदार त्याच्याच पाठीवर बसून पोक्त झाले होते आणि मनातून त्याला आपला वरिष्ठच मानत. आता दोघं एकदमच निवृत्त होणार होते. हवालदारांसाठी पेन्शन होतं. फौजदारासाठी सोमवारी लिलावाचा ट्रक येणार होता, आणि त्या ट्रकातून म्हातारी जनावरं कुठं जातात हे तबेल्यात कुणी विचारत नसे. हवालदारांचं घर तिसऱ्या मजल्यावर. "जिना चढेल तो," असं ते घरी एकदा म्हणालेसुद्धा. बायकोनं हातातलं लाटणं खाली ठेवलं, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

"घोडा कसला, गरीब गाय आहे ती," ते साहेबांना म्हणाले. "लोक उड्या मारतील उड्या."

एवढं खरं, की या गरीब गाईची सारी हयात गर्दी हटवण्यात गेली होती. लाथ नाही, चावा नाही. चारपाच माणसं घोळका करून मोठ्यानं बोलू लागली की फौजदार आडवा उभा राहायचा, कूस टेकवायचा आणि एकेक पाऊल सरकत असा रेटायचा, की माणसं बोलता बोलता फुटपाथवर पोचलेली असत. शिकवलं होतं हवालदारांनीच. शिकवताना ते त्याच्या कानात सांगत, "समोर सख्खा मेहुणा असला तरी हटवायचा. ओळख दाखवायची नाही." पण आता वय झालं, फौजदार ते सगळं विसरला असणार, अशी त्यांची खात्री होती. त्यांना स्वतःला हल्ली चष्मा कुठं ठेवला ते आठवत नसे, त्यावरून त्यांनी हा हिशेब बांधला होता.

पहिलं घर मिळालं बालवाडीचं. मोठं मैदान, भरपूर गवत, हौशी बाई.

"चावत नाही ना?" बाईंनी विचारलं.

"मुंगीलासुद्धा नाही."

मुलं धावत आली, फौजदाराभोवती गोळा झाली आणि एका सुरात किंचाळली. फौजदाराचे कान उभे राहिले. ते कान हवालदारांच्या ओळखीचे होते. "मुलांनो, जरा लांब," असं ते म्हणेपर्यंत अख्खा वर्ग भिंतीला चिकटून सरळ रांगेत उभा होता आणि 'परत, परत' म्हणून ओरडत होता. बाईंनी दोन्ही मदतनीस ताईंना जोरजोरात हाका मारल्या. तो आवाज ऐकून फौजदार वळला, आणि तिघींना फाटकाबाहेर सोडून आला.

"हवालदार," बाई बाहेरून म्हणाल्या, "मला माझ्याच शाळेतून आजवर कुणी काढलं नव्हतं."

हवालदार शहाणे झाले. दुसरं घर एका रिटायर्ड बँक मॅनेजरांचं होतं. बंगला, बाग, मागं शेड. "घरात माणसं किती?" हवालदारांनी आधी विचारून घेतलं.

"मी आणि ही. आम्ही आपसांतसुद्धा फारसं बोलत नाही."

असं सोन्यासारखं घर शोधून मिळालं नसतं. रोज सकाळी याच बागेत हास्यक्लब भरतो, हे सांगायचं मात्र मॅनेजरांच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारी माणसं गोलात उभी राहिली, त्यांनी हात वर केले आणि गडगडाटी हसायला सुरुवात केली. फौजदारानं अख्ख्या नोकरीत इतकी उघडउघड दंगल पाहिली नव्हती.

"घोडा घेऊन जा," मॅनेजरांचा फोन आला. "सभासद अजून कुंपणात अडकलेत."

"हसतायत का?"

"नाही."

रविवार उजाडला. हवालदारांना जेवण जाईना. उद्या ट्रक येणार होता. "आजची रात्र आत्याबाईंच्या अंगणात बांधा," बायको म्हणाली. "उद्याचं उद्या बघू."

आत्या हवालदारांची. एकटीच असे, आणि तिला कुणाला नाही म्हणता येत नसे. म्हणून दर रविवारी बाकीचे भाचे तिच्या अंगणात खुर्च्या टाकून बसत आणि तिचं घर विकून वाटण्या कशा करायच्या यावर भांडत. चहा आत्याच करून देई. हवालदारांनी फौजदाराला मागच्या झाडाला बांधलं, दोन गाठी जास्त मारल्या आणि देवाचं नाव घेतलं.

"आत्या, तुला एक खोली पुरे झाली," थोरला भाचा म्हणत होता.

"मग मागचं अंगण कुणाचं?" धाकटा ओरडला. तिसरा उठून उभा राहिला. मग सगळेच एकदम बोलू लागले.

मागं दोर तुटल्याचा आवाज झाला.

थोरला खुर्चीसकट गेला, धाकटा खुर्चीशिवाय. फाटकाबाहेर सगळ्यांना व्यवस्थित सोडून फौजदार फाटकातच आडवा उभा राहिला. हवालदार घामाघूम झाले. "चुकलो, आत्या. सकाळी घेऊन जातो याला."

आत्या भरल्या कपांचा ट्रे घेऊन उभी होती. रिकाम्या अंगणाकडे तिनं एकदा पाहिलं. मग एका खुर्चीवर बसली आणि ट्रेमधला एक कप स्वतः उचलला.

"खातो काय रे हा?"

"गवत. आणि कोंडा, पण भिजवून. दात राहिले नाहीत त्याला."

"मलाही भिजवूनच लागतं," आत्या म्हणाली. "राहू दे त्याला."

हवालदारांना एकदम रडूच आलं. ते त्यांनी फौजदाराच्या मानेत लपवलं.

पुढच्या रविवारी ते बायको, मुलगी, जावई सगळ्यांना घेऊन भेटायला गेले. "बघा, मला पाहून कसा करतो ते," असं त्यांनी वाटेत जावयाला चारदा सांगितलं. आणि खरंच, फौजदार खिंकाळत आला, त्यांच्या खांद्यावर तोंड ठेवलं, खिशातलं गाजर स्वतः काढून घेतलं. "पाहिलंत?" हवालदार मोठ्यानं म्हणाले. "जनावर विसरत नाही!" सगळे कौतुकानं जवळ आले, एकदम बोलू लागले.

फौजदाराचे कान उभे राहिले.

"ओळखलं नाही वाटतं," जावई फाटकाबाहेरून म्हणाला.

"ओळखलं," हवालदार शर्ट झटकत म्हणाले. "फक्त ओळख दाखवली नाही."

आत्यानं फाटकावरून कप पुढं केले. हवालदारांनी रस्त्यात उभ्या उभ्याच चहा घेतला. मिशी वाचली होती, तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.