ठोकणकरांची जादा टक

एका जंगलात, बाळांनो, अक्कल येण्याआधी नेटवर्क आलं.

एका झाडावर टकटक करायची, पुढच्या झाडावरच्याने ती ऐकून पुढे ठोकायची, असा निरोप जायचा. आधी कोणी ठोकायचं, किती ठोकायचं, 'पोचलं' असं कसं कळवायचं, याचे नियम होते. शहाणे त्याला प्रोटोकॉल म्हणतात. हे नियम म्हणजे तरसेसाहेबांच्या कंपनीचं गुपित.

खालच्या दरीत मात्र नेटवर्क नव्हतं. "तिथे गिऱ्हाईक कुठंय?" तरसेसाहेब म्हणायचे. दरीत भेकरं राहायची. बिबट्या निघाल्याची बातमी त्यांना बिबट्या जेवून गेल्यावर कळायची.

ठोकणकर नावाच्या सुतारपक्ष्याला याचा भारी संताप यायचा. त्याने तीन वर्षं खोडांना कान लावून नियम हुडकले आणि दरीतल्या उंबरावर कोरून ठेवले. खाली लिहिलं, 'कोणीही वापरा. सुधारणा केलीत तर इथेच कोरा.'

भेकरं उंबराकडे बघून बघून ठोकू लागली. बिबट्याच्या आधी पळूही लागली.

सुधारणा कोणी कोरली नाही. तक्रारी मात्र ढीगभर. "टकटक जरा गोड करा की हो," ससा म्हणाला. एका साळुंकीने एक अनुस्वार दुरुस्त केला आणि ती स्वतःला सहसंस्थापक म्हणवू लागली.

मग तरसेसाहेब सिंहमहाराजांकडे गेले.

"महाराज, आपले नियम उघड्यावर लिहिलेत! चोराचिलटांनी वाचले तर? तो उंबर तासून टाका."

"उद्याच तासा," महाराज म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे धोका लगेच पटला.

ठोकणकरला हे कळलं. उंबर गेला की भेकरं गेली. तो धावत, म्हणजे उडतच, दरबारात आला.

"महाराज, कंपनीला एक निरोप पाठवायला सांगा."

तरसेसाहेबांच्या माणसाने, म्हणजे माकडाने, ठोकलं. टक टक, टक. आणि वर आणखी एक टक.

"ही शेवटची टक नियमात नाहीच," ठोकणकर म्हणाला. "कोरताना मला शिंक आली आणि चोच एकदा जादा बसली. माझी शिंक कंपनीत कशी गेली?"

दरबार खो खो हसला. तरसेसाहेब कान खाजवत म्हणाले, "आमची वही वाळवीने खाल्ली. मग जरा उंबराकडे पाहिलं."

"म्हणजे उंबर तासला तर आमचंही नेटवर्क बंद?" महाराज दचकले. "मग राहू द्या तो. पण काय रे, आमच्या नेटवर्कमध्ये शिंकलास तू? आजपासून कंपनीच्या सगळ्या तक्रारी तू निस्तरायच्या. फुकट!"

तरसेसाहेबांना अस्सल जंगली संशोधनाबद्दल शाल-श्रीफळ मिळालं.

दरीत भेकरीण वाट बघत होती. "काय झालं, ठोकणकरभाऊ?"

"उंबर वाचला."

"आणि तुम्ही?"

"मी कामाला लागलो."

तात्पर्य : सर्वांसाठी काम करताना एखादी चूक जरूर ठेवावी. काम कोणाचंही ठरतं. चूक मात्र मरेपर्यंत आपल्याच नावावर राहते.