बंगल्याच्या दारी बस

थांबा पहिला

साहेबांनी स्वतः उकडायला ठेवलेली अंडी भांड्यासकट काळी पडली, त्याच वेळी स्वयंपाकाच्या मावशी घामाघूम होऊन मागच्या दाराने आत शिरल्या.

"पुन्हा उशीर?" बाईसाहेबांनी नाकाला रुमाल लावला. "आता एकदा जरी झाला ना मावशी, तर आम्ही दुसरी बघू."

मावशींनी पदराने घाम पुसला. नवरा पाय मोडून घरी बसलेला; घर चालायचं ते या नोकरीवरच. "काय करू बाईसाहेब, पहाटेची बसच बंद केली. पालिकेकडे पैसे नाहीत म्हणे. चालत आले."

"पैसे नाहीत म्हणजे काय?" भांडं खरवडत साहेब म्हणाले. यंदा बड्या लोकांचा कर कमी झाला होता आणि त्या सवलतीतून दारात नऊ माणसांची नवी कोरी गाडी आली होती. घरात माणसं दोन. "अहो, वरची सवलत हळूहळू खाली झिरपते. धीर धरा."

"झिरपेपर्यंत चालतच यायचं ना?"

थांबा दुसरा

साहेबांना भूक आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना आणायला गाडीच धाडली. मावशी ऐटीत बसल्या खऱ्या, पण बंद केलेल्या बसच्या थांब्यावर, नंतरची तरी येईल म्हणून, गल्लीतल्या बंगल्यांचीच माणसं ताटकळत होती: धुणंवाली, माळी, एका बंगल्यातल्या आजोबांची नर्स.

"अरे दादा, थांब की जरा! आपलीच माणसं आहेत," मावशी ड्रायव्हरला म्हणाल्या.

आठवड्याभरात गाडी इतकी भरली, की माळ्याची कात्री ड्रायव्हरच्या बरगड्यांना टोचू लागली आणि तो आपसूक ओरडू लागला, "पुढे सरका, पुढे सरका!"

थांबा तिसरा

(निधीअभावी रद्द.)

थांबा चौथा

साहेबांना मीटिंगला गाडी मिळेना. "बंद करतो ही धर्मशाळा!" म्हणाले, तर अख्खी गल्ली अंगावर धावून आली. कुणाची धुणी तुंबणार होती, कुणाच्या आजोबांचं इंजेक्शन चुकणार होतं.

"पेट्रोलचे पैसे आम्ही देतो! पण कुणी किती द्यायचे?"

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. गाडीत कुणी कुठे बसायचं, हे त्याच तर ठरवायच्या.

"बंगला मोठा, त्याची वर्गणी मोठी."

गल्लीतला सगळ्यात मोठा बंगला साहेबांचा. "अहो, हा तर करच झाला!" ते किंचाळले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मोठ्यांना काही सवलत?"

"देऊ की," मावशी म्हणाल्या. "पण सवलत घेईल, त्याच्या दारात गाडी थांबणार नाही."

साहेब तोंड उघडणार, तोच बाईसाहेबांनी त्यांच्या खिशातलं पाकीट काढून मावशींच्या हातात कोंबलं.

"मावशी, उद्या सावकाश या," त्या म्हणाल्या. "पण याच."