आण्णांच्या डाव्या खिशातला कांदा

ऑक्टोबरच्या भर दुपारी कोणी स्वेटर आणि कानटोपी घालून पार्किंगमध्ये पळताना दिसलं, तर तुम्ही वॉचमनला हाक माराल. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत वॉचमनच सावलीत खुर्ची टाकून आहेर आण्णांच्या फेऱ्या बघत बसतो.

आण्णा मूळचे देवळ्याचे, बोलताना अजूनही 'आहे'चं 'शे' करणारे. निवृत्तीनंतर लोक हास्यक्लबात जातात, यांनी डोंगरात पळायचं खूळ घेतलं. तेही थंडीत नाही. थंडीतल्या शर्यतींना ते 'वरात' म्हणतात. त्यांना हवी त्र्यंबकच्या डोंगरांतली ऑक्टोबरची शर्यत; स्वेटर-कानटोपीतला सराव तिच्यासाठीच. पाऊस नुकताच गेलेला, खाचरांत पाणी, वरून ऊन भाजतं आणि खालून वाफ येते. दोनदा ते शेवटच्या चढावर बसले आणि आयोजकांच्या जीपमधून परतले. तिसऱ्यांदा मात्र पूर्ण करायचीच, असं त्यांनी काकूंच्या देखत देवासमोर सांगितलं होतं.

"आण्णा, कशाला जिवाला त्रास?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "ऊन बी आपलंच शे, भाऊ." लिफ्ट बंद पडली, पाणी आलं नाही, तरी उत्तर तेच.

ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. आण्णांच्या मात्र दोन्ही खिशांत एकेक कांदा. त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरलं की भजी खावीशी वाटतात. काकू त्यांच्या विजारी वेगळ्या बादलीत भिजवतात.

यंदा डॉक्टरांनी माझ्या वजनावरून मला घाबरवलं आणि मी आण्णांच्या तावडीत सापडलो. शर्यतीच्या दिवशी निम्म्या वाटेतच माझा शर्ट पिळून काढण्याजोगा झाला. घाम वाळायचं नावच घेत नव्हता. शेवटच्या चढाशी माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका करवंदीच्या जाळीशेजारी फतकल मारली.

"तुम्ही व्हा पुढे, वेळ संपेल," मी म्हणालो.

आण्णा शांतपणे खाली बसले. उजव्या खिशातला कांदा काढला, दगडावर ठेवून बुक्कीनं फोडला आणि माझ्या नाकाशी धरला. "हुंग. बोलू नको."

थोड्या वेळानं मला तरतरी आली, पण तोवर आण्णांचाच चेहरा लालबुंद झाला होता. उठताना त्यांचा तोल गेला.

"आण्णा, दुसरा फोडा. आता तुम्ही हुंगा."

त्यांनी डावा खिसा घट्ट धरला. "तो नाय. तो नितीनचा शे."

नितीन हा त्यांचा एकुलता एक मुलगा, मस्कतला पाइपलाइनच्या साइटवर असतो. चढता चढता आण्णा तुटक तुटक सांगू लागले. मुंबईला विमानतळावर सोडताना त्यांनी पोराच्या हातात कांदा दिला होता. पोरानं मान डोलावली. परत निघाल्यावर तो कांदा गाडीच्या मागच्या सीटवर सापडला.

"लाजला असेल. लहान शे अजून," आण्णा म्हणाले. "तवापासून त्याचा मी ठेवतो. वाळला का नवा घेतो. फोनवर ऊन विचारलं का म्हणतो, ठीक आहे. तिथं समुद्राची दमट हवा, डोक्यावर हेल्मेट. त्याला काय होत असेल, मला काय कळावं? म्हटलं, एकदा शेवटपर्यंत जाऊन बघू."

मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनीही तो सोडवून घेतला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा लोक कमान उतरवायच्या तयारीत होते, पण वेळ अजून संपली नव्हती. गळ्यात पडलेल्या पदकाकडे आण्णांनी बघितलंही नाही. तिथेच मातीत बसून त्यांनी मुलाला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालूच असतो.

"काय रे, ऊन कसं तिकडं?"

"काही नाही आण्णा, ठीक आहे." मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं. "तुम्हाला धाप का लागलीये?"

आण्णांनी भिजलेल्या बाहीनं तोंड पुसलं.

"काय नाय. लिफ्ट बंद शे, जिना चढून आलो," ते म्हणाले, आणि डाव्या खिशावर हात ठेवून विचारलं, "जेवलास का?"