पाट क्रमांक बहात्तर

"स्वयंपाकघर हीसुद्धा एक प्रणालीच आहे," असे हैबतरावांनी सकाळी जाहीर केले, तेव्हा चंद्रावतीबाई भाकरी थापत होत्या.

"मग त्या प्रणालीला म्हणावं, तव्यावरची भाकरी परतून घे. माझे हात पिठात हायत."

हैबतरावांनी भाकरी परतली नाही. त्यांनी वहीत एक वर्तुळ काढले, त्यात 'भाकरी' असे लिहिले आणि त्या वर्तुळाकडे येणारे चार बाण पट्टीने आखले. चौथा बाण पूर्ण होईपर्यंत भाकरी करपली होती.

रोह्याजवळच्या एका रसायन कारखान्यात चौतीस वर्षे उपकरण विभाग सांभाळून हैबतराव निवृत्त झाले होते. वरसे येथील त्यांच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर, तंत्रनिकेतनाचा १९७९ सालचा डिप्लोमा चौकटीत लावलेला होता. त्याच्या शेजारी एक खिळा कित्येक वर्षे नुसताच होता. त्या खिळ्याला न्याय मिळावा म्हणून वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी एका ऑनलाइन महाविद्यालयात 'सिस्टिम अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन' या विषयाला नाव घातले होते. विषय सोळा आठवड्यांचा, पण या वेगवान वर्गात तो सहा आठवड्यांत संपवायचा होता. वर्गातले उरलेले सत्तावीस विद्यार्थी त्यांना 'अंकल' म्हणत, प्राध्यापिका मनस्वी मॅडम त्यांना 'सर' म्हणत आणि ते मॅडमना 'मॅडम' म्हणत. त्यामुळे मध्येच वर्गात आलेल्याला शिकवणारे कोण, हे काही वेळ उमगत नसे.

शेवटची अट मात्र कडक होती. चालू असलेली एखादी कामाची पद्धत अभ्यासायची, ती सुधारायची, सुधारलेली पद्धत खरोखर वापरात आणायची. आणि ती वापरणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर येऊन 'मला ही पद्धत मान्य आहे' असे सांगायचे. तसे कोणी सांगितले नाही, तर विद्यार्थी नापास.

"काळुरामचा कारखाना घेतो," हैबतराव म्हणाले.

"माझ्या भावाचा? त्याच्याकडं काय बिघडलंय?"

"ते अभ्यास केल्यावर कळेल."

"म्हणजे बिघडल्यावर," चंद्रावतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी करपलेली भाकरी हैबतरावांच्याच ताटात वाढली.

काळुरामचा पेणला गणपतीचा कारखाना होता. बहुतेक मूर्ती टेम्पोने दूरदूरच्या गावी जात. पण आसपासची आणि नात्यातली मिळून बहात्तर घरे आषाढातच आपापला पाट त्याच्याकडे आणून ठेवत. त्या घराची मूर्ती त्याच पाटावर बसवायची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. कारखान्याच्या ओटीवर, भिंतीला टेकून, हे पाट ओळीने उभे असत. कोणी हिरवे, कोणी तांबडे, कोणी कोपरा उडालेले.

"बसा दाजी," काळुराम म्हणाला. "पायजे ते बघा. फक्त ओल्या मूर्तीला बोट लावू नका."

हैबतरावांनी सलग तीन दिवस, सकाळी साडेनऊपासून बारापर्यंत, निरीक्षण केले. साखरेची गोळी घरी जेवणाआधी घ्यायची असल्यामुळे ते साडेबाराची एसटी चुकवत नसत. दुसऱ्या दिवशी खारेपाटातला एक शेतकरी आपला पाट बघायला आला. चाळीस वर्षे कारखान्यात काम करणाऱ्या इंदुबाईंनी मूर्तीवरची नजर न काढता हात मागे केला आणि ओळीतला एक पाट ओढून त्याच्यापुढे ठेवला.

"कसा ओळखलात?" हैबतरावांनी विचारले.

"वळखायचं काय त्यात? त्याचाच हाय तो."

हैबतरावांनी वहीत लिहिले : 'लेखी नोंद शून्य. सर्व माहिती एकाच व्यक्तीच्या डोक्यात. धोका अत्यंत गंभीर.' मग त्यांनी काळुरामला बाजूला घेतले. "उद्या इंदुबाई आल्याच नाहीत, तर काय करशील?"

"चाळीस वर्षांत दोनदा आली नाय, दाजी. एकदा तिच्या पोरीचं लगीन होतं, आन्‌ एकदा माझं."

पण हैबतरावांनी कंपनीत चारशे बारा व्हॉल्व्हांना क्रमांक दिले होते आणि त्यांतला एकही कधी चुकला नव्हता. तिथला नियम पक्का होता : आधी रंग, मग क्रमांक. त्यांनी इंदुबाईंकडून दारापासून ओळीने बहात्तर घरांची नावे विचारून घेतली आणि पहिल्या पाटापुढे एक, दुसऱ्यापुढे दोन, अशी सुवाच्य नोंदवही तयार केली. अहवालात 'गृहीतके' या शीर्षकाखाली त्यांनी लिहिले : 'पाट जागेवरून हलत नाहीत.' त्यानंतर कंपनीत रंगकाम करणाऱ्या फारुखला रोह्याहून बोलावून घेतले.

"साहेब, खालून पण मारू काय?" फारुखने विचारले.

"खालून, वरून, कडेने. अर्धवट काम मला चालत नाही."

"आन्‌ हे कोपरे उडालेत ते?"

"पुट्टी भर."

तिसऱ्या दिवशी बहात्तर पाट एकाच राखाडी रंगात, एकाच तकाकीने झळकू लागले. त्यांवर पांढरे क्रमांक हैबतरावांनी स्वतः, ओळीप्रमाणे, साच्याने उमटवले. दूर उभे राहून पाहताना त्यांचा ऊर भरून आला. फोटो वर्गाला पाठवताच सत्तावीस अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, भाविका नावाची सून मखरासाठी पाटाचे माप घ्यायला आली. इंदुबाई उठू लागल्या, तशी हैबतरावांनी त्यांना हाताने थांबवले, नोंदवही उघडली आणि सतरा क्रमांकाचा पाट तिच्यापुढे ठेवला. भाविकाने टेप लावली.

"काका, दोन बोटं कमी भरतोय."

हैबतरावांनी आधी टेप तपासली.

"टेप बरोबर हाय वो," भाविका म्हणाली. "पाट आमचा नाय. आमचा शिसवी हाय, सासूबायच्या म्हायेरचा. एका हातानं उचलत नाय तो. हा तर पोरगंबी उचलंल."

हैबतरावांनी तिथूनच फारुखला फोन लावला. "वाळत घालताना ओळ मोडलीस का?"

"कसम से साहेब, एकपण इकडचा तिकडं नाय केला!"

"त्याला कशाला वरडता?" काळुराम हात पुसत बाहेर आला. "तीनच्या टेम्पोनं केलंय ते."

"कसला टेम्पो?"

"रोज तीनला टेम्पो लागतो, दाजी. ओटी रिकामी केल्याबिगर मूर्ती बाहेर निघत नाय. पाट मागल्या पडवीत जातात, सांजच्याला परत येतात. हाताला लागंल तसे."

"हे मला कोणी सांगितले कसे नाही?"

"तुम्ही बारालाच निघता की! आमाला वाटलं, तुमाला म्हायती असंल. सगळ्यांनाच म्हायती हाय." मग त्याचा आवाज उतरला. "दाजी, बहात्तर घरं हायत. दुसऱ्याच्या पाटावरला गणपती कोण घरात घेईल? आन्‌ रविवारी तुमच्या कॅमेऱ्यासमोर मी काय बोलू? दाजींनी माझा कारखाना राखाडी केला, आसं बोलू?"

त्या दिवशी वरशाला परतल्यावर हैबतरावांनी कारणांचा शोध घेणारी एक सुबक आकृती काढली. तिचे सगळे बाण त्यांच्याकडेच येत होते.

"इंदुबायला विचारलंत का?" चंद्रावतीबाईंनी विचारले.

"तिला काय सांगता येणार? सगळे एकसारखे दिसतात."

"विचारलंत का, येवढंच विचारलं मी."

शुक्रवारी सकाळी हैबतराव इंदुबाईंसमोर उभे राहिले. त्या मूर्तीच्या सोंडेवरून ओला ब्रश फिरवत होत्या.

"नंबर हायत की, दाजी. आता बाईचं काय काम?"

हैबतराव गुडघा धरत, दोन टप्प्यांत, समोर जमिनीवर मांडी घालून बसले. नोंदवही त्यांनी मिटून बाजूला ठेवली. "इंदुबाई, चूक माझी आहे. तुमच्याकडून मी नावे घेतली. तुम्ही पाट कसा ओळखता, हे मात्र एकदाच विचारले आणि उत्तर समजले नाही म्हणून सोडून दिले. आता शिकवा."

इंदुबाईंनी ब्रश खाली ठेवला. पहिला पाट उचलून हातावर तोलला, बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली आणि कान दिला. "आंबा. पोकळ वाजतो. हा त्या खारेपाटातल्याचा." दुसरा उचलला. "ही शिसव. भाविकाची सासू ह्याच्याशिवाय चतुर्थी करायची नाय." तिसरा जमिनीवर ठेवून दाबला, तो डुगडुगला. "डावी पट्टी झिजलीय. हिरामण सुताराचा. सगळ्यांची लाकडं नीट करतो, घरचं तेवढं ऱ्हातं."

हैबतरावांनी वहीचे नवे पान काढले आणि रकाने आखले : लाकूड, वजन, आवाज, डुगडुग. ते लिहीत गेले. साडेबाराची एसटी गेली, जेवणाची वेळ गेली. काळुरामने त्यांना दोन घास खायला लावले आणि तीनला टेम्पोही लागला. त्या दिवशी टेम्पोवाल्याला दोन तास थांबावे लागले. त्याने वेळ जावा म्हणून पाट उचलून द्यायला मदत केली. पाच वाजेपर्यंत एकाहत्तर पाटांना आपापली घरे मिळाली.

"आणि हा शेवटचा?" हैबतरावांनी शेवटचा पाट हातात घेतला, उलटसुलट केला, टकटक केली. "साग असावा. हलका आहे. कोणाचा?"

सारा कारखाना हसू लागला. काळुरामला तर ठसका लागला.

"फणस हाय तो," इंदुबाई म्हणाल्या. "तुमचाच हाय, दाजी. ताईबरोबर लग्नात दिल्याला. वहीत नावबी तुम्हीच लिवलंय. अडतीस वर्सं तुम्हीच तर मांडीवर घेऊन एसटीनं जाता!"

शनिवारी फारुखने क्रमांक पुसले आणि हैबतरावांनी ते नव्या नोंदींप्रमाणे स्वतः पुन्हा उमटवले. रविवारी कारखान्यातूनच सादरीकरण होते. हैबतरावांनी पडद्यावर सगळ्यात आधी ते गृहीतक दाखवले. त्यावर तांबड्या शाईने काट मारून खाली लिहिले होते : 'पाट हलतात.' नंतर त्यांनी 'आवाज' हा रकाना दाखवला. वर्गात एकही अंगठा आला नाही. सगळे ऐकत होते.

"सर, वापरकर्ते कोण?" मनस्वी मॅडमनी विचारले.

काळुराम धुतलेला सदरा घालून कॅमेऱ्यासमोर आला, घसा साफ केला आणि बाजूला झाला. "मी मालक हाय. वापरनारी ही." त्याने इंदुबाईंना पुढे केले.

"आजी, सरांची नवी पद्धत तुम्हाला मान्य आहे का?"

चौतीस वर्षांत एवढ्या दाबाचा व्हॉल्व्ह हैबतरावांनी हाताळला नव्हता.

इंदुबाईंनी पदर सावरला. "आदी दाजी बगून लिवत होते. आता विचारून लिवतात. मान्य हाय."

निकाल लागला. अठ्ठावीस विद्यार्थ्यांत हैबतराव पहिले आले आणि वरशातल्या त्या खिळ्याला एकदाचे काम मिळाले. चंद्रावतीबाईंनी शेजारच्या चार घरांत पेढे दिले आणि प्रत्येक घरी 'सहा आठवड्यांत, बरं का' असे सांगितले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हैबतराव आणि चंद्रावतीबाई पेणला मूर्ती आणायला गेले. ओटीवर गर्दी होती. इंदुबाई दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर नोंदवही, नाकावर चष्मा. एकाही पाटाकडे न बघता त्या क्रमांक पुकारत होत्या.

"बहात्तर! वरसे! दाजींचा!"

काळुरामने मूर्ती पाटासकट आणून समोर ठेवली. राखाडी पाटावर पांढरा बहात्तर ठळक दिसत होता. हैबतराव मात्र वाकले, पाटाच्या कडेवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक केली आणि कान दिला.

"अहो दाजी, नंबर लिवलाय ना!" इंदुबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

"लिहिला आहे," हैबतराव म्हणाले. "पण तो मीच लिहिला आहे."