दोरीवरचे चष्मे

रविवारी सकाळी साडेनऊपासून अकरापर्यंत आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना काही दिसत नाही. त्या वेळात आमचे चष्मे तळमजल्यावरच्या घरत काकांच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी लटकलेले असतात. आणि आम्ही चष्म्यांचे मालक समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बसून, डोळे बारीक करून, त्यातला आपला कुठला ते शोधत असतो. नवीन भाडेकरूंनी मला एकदा हळूच विचारलं होतं, इथे दर रविवारी डोळ्यांचं शिबिर असतं का म्हणून.

आमची बिल्डिंग बोईसरजवळच्या सरावली गावात. कारखाने इतके जवळ की सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहावं. घरत काका इथल्याच पाम गावचे. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा बंगळुरात. गावात भाऊबंद आहेत, पण काका तिकडे फारसे जात नाहीत. का, विचारलं तर म्हणतात, "तिथं चष्मा कोण लावतो?"

स्टीलचे पत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात काका तीस वर्षं तपासणी खात्यात होते. पत्रा दिव्याखाली तिरका धरायचा, केसाएवढा ओरखडा दिसला की लाल खडूने फुली मारायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले, खडू सुटला, खोड काही सुटली नाही. दुधी असो की दुधाची पिशवी, काका ती तीनदा तिरकी करून बघतात. लिफ्टचा आरसा तिरका होत नाही, म्हणून त्याच्यापुढे स्वतः तिरके होतात. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटलांनी मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो कौतुकाने दाखवला, तर तोही उजेडात धरून तिरका केला. "पत्रा बरा हाय," म्हणाले, "पण पॉलिश जास्ती मारलंय." पाटील तेव्हापासून त्यांना फोटो दाखवत नाहीत.

"खोटा शेरा आमी कधी दिला नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. "चांगल्याला वाईट नाय, वाईटाला चांगलं नाय." एकदा साहेबांनी ओरखडे पडलेला माल पास करायला सांगितला, काकांनी नाही म्हटलं, आणि साहेबांनी त्यांना तीन महिने गोडाउनच्या दारात बसवलं. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की साहेबांच्या बुशशर्टाचा रंगसुद्धा मला पाठ झाला आहे.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती जिन्यात. पालघरला एका वकिलांकडे मी टायपिंग करते. आठवड्याचे सहा दिवस अर्ज, नोटिसा, करारनामे. संध्याकाळी घरी येईपर्यंत डोळे भाजून निघालेले असतात. तशीच येत होते, चालता चालता ओढणीने चष्मा पुसत.

"ताई, काच पुसताय का घासताय?" काका दारातून म्हणाले.

मग मला उभ्याउभ्या शिकवणी मिळाली. इथली धूळ म्हणजे बारीक कच. ती कोरड्या कापडाने पुसली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. आधी नळाखाली धरायचं, धूळ पाण्याबरोबर जाऊ द्यायची. मग भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब, बोटांनी हळू. पाणी गार पाहिजे. चष्मा काच खाली करून ठेवायचा नाही. एका हाताने ओढून काढायचा नाही. पर्समध्ये किल्ल्यांसोबत तर नाहीच नाही. पाटलांनी ओरखडा घालवायला काचेवर टूथपेस्ट चोळली होती, तर ओरखडा राहिला तिथेच आणि भोवताली धुकं आलं. "दातांची पेस्ट दातांना," काका म्हणाले. "पडलेला ओरखडा जात नाय, ताई. जे करायचं ते पडायच्या आधी."

आता हे सगळं बरोबर होतं. माझ्या काचा खरंच सुधारल्या. फक्त शेवटची पायरी माझ्या मुळावर आली. धुतल्यावर पुसायचं नाही. दोरीला लावायचं, आपोआप सुकू द्यायचं. उन्हाळ्यात अर्धा तास, पावसाळ्यात तासाच्या वर. "चहा टाकतो, तवर सुकेल," म्हणायचे आणि साहेबांचा बुशशर्ट निघायचा.

मला एकच रविवार मिळतो हो. आठवड्याचे कपडे, गिरणीत दळण, नवऱ्याची कुठलीतरी शिफ्ट, आणि जमलंच तर दुपारी तासभर आडवं होणं. ते दीड तास खुर्चीत बसून मी मनात भाकऱ्या थापत असे. पण म्हातारा माणूस प्रेमाने करतो, नाही कसं म्हणायचं. आणि चष्म्याशिवाय वर जाऊन तरी मी काय करणार होते?

मागच्या महिन्यात नंबर वाढला म्हणून बोईसरला चष्मेवाल्याकडे गेले. सहज विचारलं, की धुतल्यावर किती वेळ सुकवायचा. तो हसला. "अर्धा तास कशाला, मॅडम? धुवा, या मऊ कापडाने टिपा, दोन मिनिटांत डोळ्यावर." मी त्याच्याकडून तसली दहा कापडं मागून घेतली आणि संध्याकाळी बिल्डिंगभर वाटली. माझ्यासारखे सगळेच वैतागलेले निघाले. पाटील तर म्हणाले, "वहिनी, सुटलो बघा." मला वाटलं, चला, एक तरी काम धड झालं.

एक कापड काकांनाही दिलं. "काका, तुमचा पण त्रास वाचला."

त्यांनी ते चिमटीत धरून चोळलं, उजेडात धरलं, तीनदा तिरकं केलं. "माल चांगला हाय," म्हणाले, आणि घडी करून खिशात ठेवलं.

पुढचा रविवार मला भेट मिळाल्यासारखा वाटला. साडेनऊला मशीन लागलं, दहाला दळण आलं. कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले आणि खाली नजर गेली. आमची बिल्डिंग काटकोनात आहे, त्यामुळे काकांची गॅलरी वरून सरळ दिसते.

खुर्च्या मांडलेल्या होत्या. सहाच्या सहा. पाण्याचा मग भरलेला, दोरीवर चिमटे ओळीने लावून तयार. काका मध्येच फाटकाकडे बघत होते. पाटील भाजीची पिशवी घेऊन समोरून गेले, हात केला आणि थांबले नाहीत. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय. थोड्या वेळाने काकांनी स्वतःचा चष्मा काढला. धुतला, बोटांनी हळूहळू, नेहमीसारखा. दोरीला लावला आणि एका खुर्चीत बसून राहिले. समोर काहीच दिसत नसणार त्यांना, तरी बसून राहिले.

माझ्या हातात ओला टॉवेल तसाच राहिला. इतके रविवार त्या खुर्चीत बसून मला कळलं नव्हतं, ते वरून कळलं. डोळ्यावरचा चष्मा काढून घेतला की माणूस कुठे जाणार? बसतो. बोलतो. चहा पितो. आणि मी दहा कापडं वाटून सगळ्यांना एकदम मोकळं करून टाकलं होतं. मला माझी फार लाज वाटली.

परातीतल्या पिठात बोटं घातली, चष्म्यावर दोन्ही बाजूंनी फिरवली आणि खाली गेले.

"काका, पीठ लागलंय बघा."

त्यांनी आधी दोरीवरचा चष्मा काढून डोळ्यावर घातला. मग माझा घेतला, नळाखाली धरला, साबण लावला, धुतला. आणि खिशातून ते कापड काढून पुसून माझ्या हातात ठेवला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"झालं. जा तुमी. कामं असतील."

मी चष्मा घातला. काच इतकी लख्ख होती की त्यांच्या गालावरचे दाढीचे राहिलेले खुंट मोजता आले असते.

"तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं, काका?"

"तीस वर्षं पत्रे पुसले, ताई. कापड मला माहीत नसेल?" ते मगातलं पाणी कुंडीत ओतायला लागले. "पण चष्मा हातात पडला की तुमी लोक उठता."

वर दुसऱ्यांदा लावलेलं मशीन थांबल्याची शिट्टी वाजत होती. भाकऱ्या व्हायच्या होत्या, नवरा दुपारच्या शिफ्टला निघायचा होता. मी चष्मा काढला, दोन्ही हातांनी, आणि त्यांच्यापुढे धरला.

"काका, कडेला पाणी राहिलंय वाटतं."

त्यांनी चष्मा घेतला. उजेडात धरला, तिरका केला. पुन्हा केला. पुन्हा. मला त्यांचा चेहरा नुसता धूसर दिसत होता, पण त्यांना ती काच नीट दिसत होती, कोरडी ठणठणीत.

"हाय," ते म्हणाले. "कडेला हाय थोडं."

मग तो दोरीला लावला, चिमटा नीट बसलाय का बघितलं आणि चहा टाकायला आत गेले.